शब्दाची किंमत आणि ताऱ्याची भूक

सुपरहिरो कॉमिक्स वाचणाऱ्यांमधला एक वाद कधी संपत नाही. मंत्र जाणणारा डॉक्टर स्ट्रेंज आणि ताऱ्यांमधून विहरणारा सिल्व्हर सर्फर समोरासमोर उभे ठाकले तर कोण जिंकेल, जादूगार डॉक्टर फेटचे शिरस्त्राण वरचढ की ग्रीन लँटर्नची अंगठी, अशा प्रश्नांवर पानेच्या पाने लिहिली जातात आणि उत्तर देणारे बहुतेक जण दोन्ही शक्ती एकाच मापाने मोजून मोकळे होतात. मंत्राने पर्वत हलला तर इतके गुण, किरणांनी ग्रह फुटला तर तितके गुण. माझ्या मते या मोजणीतच मूळ चूक आहे. जादूची शक्ती आणि कॉस्मिक, म्हणजे अफाट अवकाशातून आलेली, शक्ती यांच्यातला फरक कमी-जास्त जोराचा नाही. त्या दोन शक्तींभोवती दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी उभ्या राहतात आणि त्या गोष्टी माणसाला दोन वेगळे प्रश्न विचारतात. जादूच्या गोष्टीत प्रश्न असतो तो देण्याघेण्याचा: ही शक्ती कोणाकडून आली, कोणत्या अटीवर आली आणि तिच्या बदल्यात काय द्यावे लागेल. कॉस्मिक शक्तीच्या गोष्टीत देणेघेणे गौण असते. तिथला प्रश्न असा की, ज्याच्या हाती ताऱ्यांचे आयुष्य आले त्याला एका माणसाच्या आयुष्याचे मोल कसे कळावे, आणि कळले तरी ते पाळणे त्याला शक्य आहे का. गेल्या काही दशकांत प्रकाशकांनी आणि त्यांच्यामागून चित्रपटांनी हा फरक पुसत आणला आहे. हे नुकसान केवळ चोखंदळ चाहत्यांचे नाही, या कथाप्रकाराला जे काही गंभीर सांगता येते त्याचे ते नुकसान आहे.

सर्वसाधारण समजूत अशी की जादूचा उगम अलौकिकात असतो आणि कॉस्मिक शक्तीचा विज्ञानात. ही समजूत पहिल्याच कसोटीला उतरत नाही. 1961 साली लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी ‘फँटॅस्टिक फोर’ सुरू केले, तेव्हा अवकाशयानात शिरलेल्या वैश्विक किरणांमुळे चौघांना चार निरनिराळ्या शक्ती मिळाल्या. एकाचे शरीर रबरासारखे ताणले जाऊ लागले, एक अदृश्य होऊ लागली, एक पेटून उडू लागला आणि चौथ्याची कातडी दगडी झाली. वैश्विक किरण खरे आहेत. प्रचंड वेगाने धावणारे ते मुख्यतः प्रोटॉन आणि इतर अणुकेंद्रके असतात आणि वातावरणाबाहेर त्यांचा मारा अंतराळवीराच्या शरीराला अपायच करतो. त्यांनी प्रत्येकाच्या स्वभावाला साजेशी शक्ती नेमकी निवडून द्यावी, हे कोणत्याही मंत्राइतकेच अशास्त्रीय आहे. तरीही विज्ञानाचे नाव घेणे निरर्थक नव्हते, कारण ते नाव घेताच गोष्टीचे क्षेत्र बदलते आणि नायक गुरू, दैवत किंवा सैतान यांच्याशी असलेल्या नात्यातून बाहेर पडून अफाट आणि बेपर्वा अशा अवकाशासमोर उभा राहतो.

हा बदल कसा घडतो हे पाहायचे असेल तर ग्रीन लँटर्नच्या दोन जन्मांकडे पाहावे. 1940 सालचा पहिला ग्रीन लँटर्न, ॲलन स्कॉट, हा रेल्वेचा अभियंता. प्राचीन चीनमध्ये आकाशातून कोसळलेल्या हिरव्या ज्वाळेच्या धातूपासून एक दिवा घडवला जातो. तो तीनदा पेटेल, पहिल्यांदा मृत्यू देईल, दुसऱ्यांदा जीवन आणि तिसऱ्यांदा सामर्थ्य, अशी भविष्यवाणी त्याच्याबरोबर चालत येते. पूल कोसळून झालेल्या अपघातातून स्कॉट वाचतो तो हा दिवा हाताशी असल्यामुळे, आणि मग दिवाच त्याला अंगठी घडवायला सांगतो. लाकडापुढे मात्र त्या अंगठीचे काही चालत नाही. त्याची कारणमीमांसा मूळ गोष्टीत फारशी लांबवलेली नाही आणि लांबवण्याची गरजही नव्हती. वराला अट असते तशी ही अट आहे. 1959 साली संपादक ज्युलियस श्वार्त्झ यांनी हे नाव पुन्हा वर काढले आणि जॉन ब्रूम व गिल केन यांच्याकडून नवा नायक घडवून घेतला. श्वार्त्झ विज्ञानकथेच्या वर्तुळातून आलेले, एके काळी विज्ञानकथा-लेखकांचे एजंट. आणि स्पुटनिक आकाशात जाऊन दोनच वर्षे झाली होती. नवा ग्रीन लँटर्न, हॅल जॉर्डन, चाचणी-वैमानिक आहे. त्याला अंगठी मिळते ती मरणासन्न परग्रहवासीयाकडून, आणि अंगठीबरोबर एक हुद्दा मिळतो. ओआ ग्रहावरच्या, विश्वाचे ‘पालक’ म्हणवणाऱ्या रक्षकांनी विश्वाचे 3600 विभाग पाडलेले आहेत आणि हा त्यांपैकी एकाचा पहारेकरी. श्वार्त्झ यांनी हॉकमनचेही हेच केले: 1940 साली तो इजिप्तच्या राजपुत्राचा पुनर्जन्म होता, 1961 साली तो दुसऱ्या ग्रहावरचा पोलीस झाला.

स्कॉटची अंगठी ही त्याची आणि त्या दिव्याची खासगी बाब आहे. जॉर्डनची अंगठी त्याला त्याच्या पृथ्वीपेक्षा कितीतरी मोठ्या व्यवस्थेचा नोकर करते, आणि म्हणूनच 1970 साली डेनी ओनील आणि नील ॲडम्स यांना त्याच्यासमोर एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ उभा करता आला. तो गृहस्थ विचारतो की निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या लोकांसाठी तू दूरदूरच्या ग्रहांवर राबलास असे वाचतो, मग काळ्या कातडीच्या माणसांकडे तुझे लक्ष का गेले नाही? जॉर्डन मान खाली घालतो. त्याच्यापाशी उत्तर नाही. अमेरिकन कॉमिक्समधले हे एक अत्यंत गाजलेले पान आहे आणि ते ॲलन स्कॉटच्या बाबतीत लिहिताच आले नसते, कारण ज्याची शक्ती मुळात एका दिव्याच्या आणि एका माणसाच्या नात्यापुरती आहे त्याला हजार ग्रहांचा हिशेब कोण विचारणार? पुढे या दोन नायकांची सांगड घालायची वेळ आली तेव्हा डीसी या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांनी मोठा समर्पक मार्ग काढला. ओआच्या पालकांनी विश्वात विखुरलेली जादू गोळा करून एका गोळ्यात कोंडली होती आणि स्कॉटचा दिवा हा त्या गोळ्याचाच अंश, असे त्यांनी सांगितले. दोन शक्ती एकमेकींत विरघळवण्याऐवजी त्यांच्यातला बेबनाव त्यांनी विश्वाच्या इतिहासातच लिहून ठेवला.

जादूच्या गोष्टीचा व्यवहार समजायला मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही. हिरण्यकशिपूला वर मिळाला तो शब्दांनी बांधलेला होता: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. नरसिंहाने तो वर मोडला नाही. शब्दाचा मान राखून, शब्दांमधल्या फटीतून तो आत आला. भस्मासुराचाही नाश त्याच्याच वराने झाला. शक्ती किती मोठी याला या कथांत महत्त्व नाही, ती कोणत्या बोलीवर मिळाली याला आहे. स्टीव्ह डिट्को आणि स्टॅन ली यांनी 1963 साली उभ्या केलेल्या डॉक्टर स्ट्रेंजचा जीव याच व्यवहारात आहे. डोर्मामू हा एका संपूर्ण मितीचा स्वामी, स्ट्रेंजपेक्षा किती तरी पटींनी बलवान. 1964 सालच्या त्यांच्या पहिल्या सामन्यात स्ट्रेंज त्याला हरवू शकत नाही. पण झुंज चालू असताना त्या मितीच्या वेशीवरचे बिनडोक राक्षस कुंपण फोडतात, त्यांना थोपवताना डोर्मामूची शक्ती अपुरी पडते आणि स्ट्रेंज आपली शक्ती त्याला उसनी देतो. आता डोर्मामू ऋणात सापडतो. ऋण फेडायचे म्हणून स्ट्रेंज त्याच्याकडून पृथ्वीवर चाल न करण्याचे वचन घेतो आणि तो संतापाने जळत ते देतो. इतका बलाढ्य स्वामी एका शब्दाने बांधला जातो, ही जादूच्या जगाची खरी रीत. 2016 सालच्या चित्रपटातही शेवटी स्ट्रेंज डोर्मामूशी सौदाच करतो. काळाच्या फेऱ्यात दोघांनाही अडकवून, पुन्हा पुन्हा मरण पत्करून, समोरच्याला कंटाळा येईपर्यंत तो आपली अट लावून धरतो. त्या चित्रपटाच्या कर्त्यांना मूळ पात्र नेमके उमगले होते याचा मला हा मोठा पुरावा वाटतो.

2015 साली जेसन ॲरन आणि ख्रिस बाचालो यांनी हाच धागा अगदी शरीरापर्यंत आणला. त्यांचा स्ट्रेंज वर्षानुवर्षे मंत्र वापरून इतका पोखरला आहे की साधे अन्न त्याच्या पोटात टिकत नाही. त्याचा सेवक आणि साथीदार वाँग त्याच्यासाठी जे किळसवाणे पदार्थ रांधतो तेच काय ते पचतात. पुढे उघड होते की त्याच्या मंत्रांची बरीचशी किंमत तो स्वतः भरतच नव्हता. वाँगने त्याच्या नकळत काही शिष्य जमवले होते आणि स्ट्रेंजच्या वाट्याची वेदना ते आपल्या अंगावर घेत होते. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. जगाला वाचवणारा मनुष्य आपल्या पराक्रमाचे बिल कोणाच्या नावावर फाडतो, हा प्रश्न इतक्या थेटपणे विचारणे जादूच्या गोष्टीलाच शक्य आहे, कारण तिच्या मुळाशीच किंमत आहे.

आता दुसरी बाजू. ली आणि कर्बी यांनी 1966 साली ‘फँटॅस्टिक फोर’च्या 48 ते 50 या अंकांत गॅलॅक्टस आणला. तो ग्रह खातो. त्याला पृथ्वीचा राग नाही, पृथ्वीकडून काही नको आहे, पृथ्वीवासीयांशी वैर करावे इतके ते त्याच्या लेखी मोठेच नाहीत. त्याला भूक लागली आहे, एवढेच. या भुकेपुढे पुण्य, शाप, वचन यांपैकी काहीही हातात धरता येत नाही आणि म्हणूनच तो खलनायकांच्या नेहमीच्या रांगेत बसत नाही. 1980 सालच्या डार्क फिनिक्स कथेत हीच भूक एका माणसाच्या आत शिरते. ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांच्या ‘एक्स-मेन’ मालिकेतली जीन ग्रे अंतराळात झेपावते, एका ताऱ्यात शिरून तो शोषून घेते आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरचे सुमारे पाच अब्ज जीव मरतात. मरणाऱ्यांना ती ओळखत नव्हती. त्यांच्याविषयी तिच्या मनात वाईटही काही नव्हते. मूळ आराखड्यात जीनची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवायचे होते; मुख्य संपादक जिम शूटर यांनी ते मान्य केले नाही, एवढ्या संहारानंतर ती सुखाने घरी जाऊ शकत नाही असा त्यांचा आग्रह होता आणि त्यामुळे 137 व्या अंकात तिचा मृत्यू झाला. शूटर यांच्या निर्णयावर आजही मतभेद आहेत. माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. पाच अब्ज हा आकडा इतका मोठा आहे की वाचक तो वाचून सहज पुढे जातो. शूटर यांनी त्याला पुढे जाऊ दिले नाही.

कॉस्मिक प्रश्न सर्वांत निर्भयपणे विचारला तो बर्न यांनीच, पुढे ‘फँटॅस्टिक फोर’ लिहिताना. 1982 साली त्यांच्या कथेत गॅलॅक्टस पृथ्वीवर मरायला टेकतो आणि रीड रिचर्ड्स त्याला वाचवतो. डॉक्टर रोग्याचा जीव वाचवतो तितक्याच सहजतेने. त्यानंतर गॅलॅक्टस स्क्रल या परग्रहवासीयांचा राजग्रह खाऊन टाकतो आणि ज्यांचे सर्वस्व गेले ते रीडला पकडून त्याच्यावर खटला भरतात. 262 व्या अंकातल्या या खटल्यात बचावाच्या बाजूने अखेर साक्ष देतो तो इटर्निटी, म्हणजे साक्षात विश्व. तो युक्तिवाद करत नाही. जमलेल्या सर्वांना क्षणभर विश्वाशी एकरूप करतो, त्या क्षणी गॅलॅक्टस का असायला हवा हे सगळ्यांना पटते आणि मग ते ज्ञान त्यांच्या मनातून ओसरते. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिलेला अर्जुन घाबरून कृष्णाला पूर्वीचे सौम्य रूप घ्यायची विनंती करतो, ते या ठिकाणी आठवल्याशिवाय राहत नाही. पण बर्न यांचा शेवट मला पुरता मान्य नाही. विश्वाला गॅलॅक्टसची गरज आहे असे विश्वानेच सांगितल्यावर मेलेल्या स्क्रलांच्या वतीने बोलणारे कोणी उरत नाही, आणि जो न्यायाधीश स्वतःच पक्षकार आहे त्याचा निकाल स्वीकारायचा का, हे विचारायला त्या न्यायालयात एक तरी माणूस हवा होता. तरीही, मला असा आक्षेप घेता येतो हेच त्या कथेचे मोठेपण. ज्या कथेत दोन शक्ती फक्त एकमेकींवर आदळतात तिच्यावर असा आक्षेप घेताच येत नाही.

यावर कोणी म्हणेल की ही सीमारेषा मुळातच पुसट आहे. इटर्निटी पहिल्यांदा अवतरला तो डॉक्टर स्ट्रेंजच्याच गोष्टीत, 1965 साली. थॉर देव आहे, पण 2011 सालच्या चित्रपटात तो सांगतो की त्याच्या देशात जादू आणि विज्ञान एकच आहेत. पुरेसे प्रगत तंत्रज्ञान जादूहून वेगळे ओळखता येत नाही, हे आर्थर सी. क्लार्क यांचे विधानही या वादात हमखास पुढे केले जाते. हे आक्षेप हलके नाहीत. मात्र क्लार्क यांचे विधान पाहणाऱ्याच्या डोळ्यांविषयी आहे, गोष्टीच्या रचनेविषयी नाही. आणि थॉरचा हातोडा तंत्रज्ञानाने घडलेला मानला तरी ‘जो पात्र असेल तोच हा उचलेल’ ही ओडिनची अट जादूचीच राहते, कारण पात्रता हे ऊर्जेचे एकक नव्हे. मिश्रणाला माझा विरोध नाही. मिश्रण जाणतेपणाने केले तर काय साधते ते 1968 सालच्या ‘सिल्व्हर सर्फर’च्या तिसऱ्या अंकात दिसते. ली आणि जॉन बुसेमा यांनी तिथे मेफिस्टो हा सैतान प्रथमच आणला. सर्फरजवळ गॅलॅक्टसने दिलेली अफाट शक्ती आहे. मेफिस्टो त्या शक्तीशी दोन हात करून भागत नाही हे ओळखतो, झेन-ला ग्रहावरून सर्फरच्या प्रियतमेला, शाला-बालला, उचलून आणतो आणि तिच्या बदल्यात त्याचा आत्मा मागतो. ताऱ्यांमधून विहरणाऱ्याला तो गोष्टीच्या दुसऱ्या जातीत खेचतो, जिथे किरण कामाचे नाहीत आणि ‘नाही’ हा एक शब्द उच्चारायला लागणारे बळ तेवढे कामाचे आहे. दोन्ही रीती शेजारी शेजारी आणि स्पष्ट दिसत असल्यामुळेच तो संघर्ष उभा राहतो.

बिघडते ते जेव्हा जादूचे फक्त रूप उरते आणि किंमत गळून पडते. 2007 साली स्पायडर-मॅनच्या कथेत पीटर पार्कर आणि मेरी जेन हे मे काकूंचा जीव वाचवण्यासाठी आपले लग्न मेफिस्टोला देऊन टाकतात. वरकरणी हा चोख सौदा आहे. पण सौदा होताच दोघांच्या स्मरणातून ते लग्न पुसले जाते आणि मालिका दुसऱ्या दिवशी अविवाहित पीटरला घेऊन पुढे निघते. ज्याची आठवणही भोगावी लागत नाही असे मोल नायकाने मोजले असे कसे म्हणावे? वाचकांचा संताप लग्न मोडल्याचा जितका होता तितकाच या फसवणुकीचा होता. स्कार्लेट विचची हकीकत याहून गोंधळाची आहे. 1964 साली ती म्युटंट, म्हणजे जन्मजात शक्ती असलेली, म्हणून आली, पुढे तिची शक्ती ‘केऑस मॅजिक’, म्हणजे अराजकाची जादू, ठरवली गेली, 2004 साली डॉक्टर स्ट्रेंजच्याच तोंडून असे काही अस्तित्वातच नाही असे वदवले गेले आणि नंतरच्या लेखकांनी ते पुन्हा अस्तित्वात आणले. 2005 साली तिने तीन शब्द उच्चारले आणि जगातल्या बहुसंख्य म्युटंटांची शक्ती गेली. हा मंत्र होता की विश्वाच्या घडणीतला हस्तक्षेप? मंत्र असेल तर त्याचे ऋण कोणाकडे होते? हस्तक्षेप असेल तर जीन ग्रेच्या वेळी शूटर यांनी लावला तो निकष हिला का लागला नाही? हे प्रश्न कित्येक वर्षे लोंबकळत राहिले, कारण तिची शक्ती कोणत्या जातीची हे ठरवण्याचे कष्टच कोणी वेळेवर घेतले नाहीत.

चित्रपटांनी दुसऱ्या टोकाकडून हीच गफलत केली आहे. 2025 साली आलेल्या फँटॅस्टिक फोरच्या चित्रपटात गॅलॅक्टस पृथ्वीला सोडायला तयार होतो, मात्र रीड आणि सू यांचे जन्माला यायचे मूल त्याला हवे असते, कारण ते मूल त्याची भूक आपल्या अंगावर घेऊ शकेल. आईबाप नकार देतात आणि जग त्यांच्यावर उलटते. प्रसंग म्हणून तो प्रभावी आहे, पण ती लोककथेतल्या राक्षसाची मागणी आहे, गॅलॅक्टसची नव्हे. यावर मूळ कॉमिक्सचे वाचक मला 1968 सालच्या कथेची आठवण करून देतील, ज्यात नॉरिन रॅड स्वतः सिल्व्हर सर्फर होण्याच्या बदल्यात झेन-ला वाचवतो. सौदा तर तिथेही आहे. खरे आहे. पण त्या सौद्यात गॅलॅक्टसची भूक मिटत नाही, ती दुसरीकडे वळते. नॉरिनचे गाव वाचते आणि त्या दिवसापासून तोच, आपल्या फळीवर उभा राहून, दुसऱ्या कोणाचे तरी गाव शोधायला निघतो. चित्रपटातला सौदा एका घराने काय द्यायचे एवढेच विचारतो. 1968 सालचा सौदा ज्या ग्रहांची नावेही आपल्याला कधी कळणार नाहीत त्यांच्याविषयी विचारतो. हे दुसरे विचारणे आज पडद्यावर मला कुठे दिसत नाही, आणि कोण किती वजन उचलतो याच्या याद्या करणाऱ्या वाचकांनीही ते मागणे सोडून दिले आहे.